सहा मिलिमीटर जास्तीची पट्टी

१

चोराने चोरावं तरी काय, याला काही धरबंध? कोठारात तीनशे बारा वस्तू होत्या. पितळी दिवे होते, तांब्याच्या नळीची वेटोळी होती, मोठ्या साहेबांना मिळालेलं चांदीचं मानचिन्ह काचेच्या कपाटात नुसत्या कडीवर होतं. आणि गुरुवारी सकाळी तिने तिसरा खण ओढला, तर गेली होती फक्त एक लाकडी पट्टी. तीही अशी, की नोंदवहीत तिच्यापुढे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘सदोष. प्रदर्शनात ठेवू नये.’

खणात कापूस पसरलेला होता आणि त्यात पट्टीची लांबट खाच जशीच्या तशी होती. बाळाला उचलून नेल्यावर गादीवर खळगा राहतो, तशी. हा विचार मनात आला मात्र, तिने घाईघाईने घरी फोन लावला.

“बाबा, चिमी बरी आहे ना?”

“आत्ता तर गेलीस घरातून,” सासरे म्हणाले. “झोपलीय. श्वास चालू आहे. मोजून सांगू का?”

तिला हसू आलं नाही, पण जीव भांड्यात पडला.

ही जागा म्हणजे पूर्वीची फाउंड्री. धातू वितळवून ओतायचा कारखाना. बारा वर्षांपूर्वी बंद पडला आणि आता त्याच्या लाकूडकामाच्या दालनात संग्रहालय होणार होतं. रविवारी उद्घाटन. तिने इतिहासात पदवी घेतली होती, म्हणून वस्तूंची नोंद करायचं काम तिच्याकडे आलं. पण पदवीत असल्या वस्तू कुठे शिकवतात? लाकडाचे गोल, लाकडाच्या फाका, मुठी, शंकू. कशाचं काय, कुणाला पत्ता नाही. जुन्या कामगारांना विचारून विचारून तिने एकेकाची ओळख पटवली होती. मुसळासारखं दिसणारं ते वाळू ठेचायचा ठोकणा. बुटक्या भोवऱ्यासारखं ते धातू आत सोडायच्या भोकासाठी. तिने ‘लहान मुलांचं खेळणं?’ असं लिहिलेलं खोडलं तेव्हा सासरेबुवा पोट धरून हसले होते. तेही इथलेच. तीस वर्षं भट्टीवर.

आणि सगळ्यांत मोठी वस्तू एक्केचाळीस नंबरची. पिंप उभं चिरावं तसं अर्धं, लालभडक, दोन माणसांनाही उचलेना असं. याला पॅटर्न म्हणतात, हे तिला आता पाठ झालं होतं. आधी वस्तू लाकडात घडवायची, तिच्याभोवती ओलसर वाळू ठेचायची, मग लाकूड अलगद काढून घ्यायचं आणि वाळूतल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. धातू कोणता, ते रंग सांगतो. निळा पॅटर्न म्हणजे पोलाद. लाल म्हणजे बीड, ओतीव लोखंड. भट्टीवाला रंग बघतो आणि ओततो.

या एक्केचाळीस नंबरने एक माणूस मारला होता.

सत्तावीस वर्षांपूर्वी त्यापासून वाफेच्या मोठ्या झडपेचं कवच ओतलं गेलं. हवं होतं पोलादाचं. ओतलं गेलं बीडाचं. चाचणीला वाफ सोडली, कवच दुभंगलं आणि शेजारी उभा असलेला फिटर जागच्या जागी गेला. चौकशीत पॅटर्न पुढे आणला, तर तो लाल. म्हणजे घडवणाऱ्या मिस्त्रींनीच काम बीडाचं समजून लाल रंग दिला. मिस्त्री शपथेवर सांगत राहिले, मी निळा दिला होता. पण डोळ्यांसमोर लाल लाकूड असताना शपथ कोण ऐकतो? त्यांना काढून टाकलं. नऊ वर्षांपूर्वी ते वारले, तो डाग तसाच कपाळी घेऊन.

आता एक्केचाळीस नंबरखाली लावायच्या पाटीचा मजकूर तिच्या टेबलावर होता : ‘पॅटर्न बनवणाऱ्या मिस्त्रींच्या चुकीमुळे झालेल्या अपघाताची साक्ष.’ रविवारी ती पाटी लागली, की तो डाग पितळेत कोरला जाणार होता.

आणि गेलेली पट्टी त्याच मिस्त्रींच्या पेटीतली होती.

२

तिच्याकडे दोन वह्या असत. एक कचेरीची. दुसरी चिमीची, दूध किती वाजता, झोप किती, ताप किती, शिंका किती. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा, तेव्हा ती वही बघून म्हणायचा, “पोरीला वाढवतेयस की पहारा देतेयस?”

पण लिहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कालचीच नोंद : ‘संध्या. ६. पाठीवर ओरखडा. चार बोटं लांब, सरळ, टोकाला काटकोनात वळलेला. नखं कापली. पाळणा तपासला, खिळा नाही. उद्या पुन्हा बघणे.’

ती वही बाजूला सारून तिने कचेरीची उघडली. पट्टीची नोंद मंगळवारची. ‘मोजपट्टी, लाकडी, दोन्ही टोकांना पितळ, एका टोकाचं पितळ उचललेलं. तीसची खूण प्रत्यक्षात तीस सेंटीमीटर सहा मिलिमीटरवर. सदोष.’ बुधवारी सकाळी अकरा वाजता तिने स्वतः पट्टीला नंबराची चिठ्ठी बांधली होती. म्हणजे चोरी त्यानंतरची. खणाला कुलूप नव्हतंच.

बुधवारी दोघं येऊन गेले होते. सकाळी दहाला पाटीचा मजकूर घेऊन मोठे साहेब. दुपारी तीनला मिस्त्रींची मुलगी.

साहेब म्हणजे फाउंड्रीचे शेवटचे व्यवस्थापक, आता संग्रहालय समितीचे अध्यक्ष. ती त्यांच्या घरी गेली, तेव्हा ते कुंड्यांतली पिवळी पानं खुडत होते.

“पट्टी? गेली तर गेली,” ते म्हणाले. “सदोषच होती ना?”

“तुम्हाला कसं कळलं, साहेब?”

“तुमच्याच वहीत वाचलं. अक्षर छान आहे तुमचं.” त्यांनी एक पान खुडलं. “हे बघा मॅडम, एका लाकडी पट्टीपायी उद्घाटन अडवू नका. पाहुणे ठरलेत.”

“पाटीचा मजकूर जरा सौम्य करता येईल का? मिस्त्रींची मुलगी इथेच राहते.”

“मिस्त्री देवमाणूस होता, मी नाही कुठे म्हणतो? पण चूक ती चूक. चौकशीत सिद्ध झालेली.” मग, तिने काही विचारलं नसताना, ते म्हणाले, “आणि मी तर त्या दिवशी ओतकामाकडे फिरकलोही नव्हतो.”

ती फाटकापर्यंत आली तेव्हा तिला वाटलं, या माणसाने सत्तावीस वर्षं हे एकच वाक्य जवळ बाळगलंय. पण अकराच्या आधीच ते गेले होते. पट्टी त्यांनी नेलेली नव्हती.

मग राहिली एकच. काल दुपारी जी वहीतला ‘सदोष’ शब्द वाचून पांढरीफटक पडली होती आणि चप्पल घालता घालता म्हणाली होती, “लाज नाही वाटत तुम्हाला?”

३

मिस्त्रींच्या मुलीचं शिवणाचं दुकान जिन्याखालच्या खोलीत होतं. मशीन चालूच ठेवून ती म्हणाली, “आलात? आता काय सदोष सापडलं?”

“ताई, ती पट्टी चोरीला गेलीय.”

मशीन थांबलं. “आणि तुम्हाला वाटतंय मी नेली.”

“मला काही वाटत नाही. मी विचारायला आलेय.”

“मी कशाला नेऊ? अण्णांची अख्खी पेटी मीच तुम्हाला आणून दिली ना, आपल्या पायांनी? म्हटलं, लोक बघतील, त्यांचा हात कसा होता ते कळेल. आणि तुम्ही काय लिहिलंत? सदोष! अहो, शिकलेल्या ना तुम्ही?”

“पट्टी सहा मिलिमीटर जास्त आहे ताई. मी तीनदा मोजली.”

“असायलाच हवी जास्त!” तिने समोरचं कापड तिच्या हातात कोंबलं. “हे बघा. धुतल्यावर आटणारं कापड आहे. गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप घेऊन मी तेवढंच कापलं, तर पहिल्या धुण्यात झंपर लेकराला होईल. म्हणून मी आधीच वाढवून कापते. धातूचं तसंच. ओतताना पसरलेला असतो, निवताना आटतो. मग लाकूड मोठं करावं लागतं. दर मापाला हिशेब कोण करत बसणार? म्हणून पट्टीच मोठी करून घ्यायची. त्या पट्टीवर तीस वाचलं, की निवल्यावर बरोबर तीस. अण्णांकडे तीन होत्या. एक साधी, एक बीडाची, एक पोलादाची. बीड थोडं आटतं, पोलाद त्याच्या दुप्पट. तिघी दिसायला सख्ख्या बहिणी. मी लहानपणी वहीत रेघा मारायला चुकीची उचलली, की ओरडायचे.”

“किती किती जास्त असायच्या?”

“बीडाची शंभराला एक. पोलादाची शंभराला दोन.”

तिने मनातल्या मनात हिशेब केला. तीस सेंटीमीटरला सहा मिलिमीटर. शंभराला दोन.

“म्हणजे पेटीतली पट्टी पोलादाची होती,” ती म्हणाली. तिने कचेरीची वही काढली. एक्केचाळीस नंबर, सोमवारची नोंद. पॅटर्नबरोबर जुना नकाशा मिळाला होता. त्यावर धातूचं नाव नव्हतं, नुसती मापं होती. कवचाच्या तोंडाची रुंदी नकाशात सहाशे मिलिमीटर. लाकडात तिने पोलादी टेपने मोजली होती : सहाशे बारा. आणि पुढे तिच्याच सुंदर अक्षरात : ‘बारा मिमी चूक.’

“ताई, सहाशेला बारा म्हणजे शंभराला किती?”

शिवणाऱ्या बाईचे ओठ हलले.

“दोन,” ती म्हणाली. “अण्णांनी तो पोलादासाठीच केला होता.”

“बीडाचा असता तर सहाशे सहा भरला असता. त्यांनी काम बीडाचं समजलंच नव्हतं. चौकशीत कुणी मोजलंच नाही का?”

“मोजायला कशाला? लाल रंग पुरला त्यांना.” तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. “पण बाई, तेवढ्याने काय होणार? म्हणतील, केला पोलादाचा आणि शेवटच्या दिवशी डबा चुकला. रंग तर लालच आहे.”

रंग. पहिल्या दिवशी एक्केचाळीस नंबर पुसताना तिचा हात थबकला होता. रंग कसा, मांजराच्या जिभेसारखा खरखरीत. त्यात शिसं असेल या धास्तीने चिमीला घेण्याआधी तिने तीनदा हात धुतले होते.

“ताई, पॅटर्नचा रंग खरखरीत असतो का?”

“खरखरीत? अण्णांच्या हातचा? शक्यच नाही. वाळूतून सुटून यायला हवा ना तो. जरा कुठे खरखर असली, की वाळू धरून ठेवतो, साचा ढासळतो. अण्णा हात फिरवून बघायचे, माझ्या गालासारखा झाला पाहिजे म्हणायचे.”

मग शिवणाऱ्या बाईने मशीनवरचं दोरे कापायचं पातं उचललं आणि दुकानाला कडी लावली.

४

एक्केचाळीस नंबरच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, तिने नखाएवढा लाल रंग पात्याने खरवडला. पोपडा कागदावर पडला. तो तिने उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

पोपड्याच्या पोटाला काळे कण चिकटले होते. वाळू. आणि त्या वाळूलाच धरून निघालेला, टिकलीएवढा, निळा रंग.

“वाळूत जाऊन आल्यावर रंगवलाय,” शिवणारी बाई म्हणाली. “पुसलासुद्धा नाही. ओतून झालं, ते फुटलं, माणूस मेला आणि मग कुणीतरी...”

“कुणीतरी निळ्याचा लाल केला.”

आता चोरीलाही अर्थ आला. ज्याला पट्टी सदोष वाटली, तो तिला हातही लावणार नाही. ज्याला तिचा अर्थ कळत होता, त्याच्याच लेखी ती चांदीच्या मानचिन्हापेक्षा मोलाची होती. पॅटर्न उचलून नेता येत नाही. पट्टी येते. पट्टी नसली, की सहाशे बारा ही नुसती चूक राहते.

म्हणजे रंगवणारा जिवंत होता. आणि बुधवारी अकरानंतर इथे येऊन गेला होता. शिवणाऱ्या बाई तर, आता नीट आठवलं, काल पूर्ण वेळ बाहेरच्या खोलीत, तिच्या डोळ्यांदेखत होत्या. मग कोण?

फाटकावरचा पहारेकरी वहीशिवाय कुणाला आत सोडत नसे. त्याने बोटाला थुंकी लावून पान उलटलं.

“बुधवार. दहाला मोठे साहेब, साडेदहाला गेले. तीनला या शिवणवाल्या बाई. मधे कुणी नाही, नंतरही नाही.”

“नीट बघा ना, काका.”

“नीटच बघतो मी. चष्मा आहे तो काय शोभेला? कुणीच नाही.”

“अकरानंतर, अगदी कुणीच नाही?”

“अहो नाही म्हणतो ना! आजोबा आले होते तेवढे बाराला, बाळाला दूध पाजायला घेऊन, रोजच्यासारखे. ते काय ‘कुणी’ होतात का?”

पहारेकरी हसला. तिने हसायचा प्रयत्न केला. बुधवारी बाराला चिमीला पाजून तिने दुपट्यात गुंडाळून सासऱ्यांच्या हातात दिली होती आणि वाटी विसळायला ती मागच्या नळावर गेली होती. परत आली तेव्हा ते दारात होते. रोज खांद्यावर घेत. काल मात्र पोरीला दोन्ही हातांवर आडवी, ताठ धरली होती. चिमी रडत होती. “मान अवघडलीय का हो तिची?” असं तिने विचारलं होतं. “ऊन लागतंय तिला,” ते म्हणाले होते आणि झपाझप निघून गेले होते.

मंगळवारी जेवताना तिनेच त्यांना सांगितलं होतं, गंमत म्हणून : बाबा, आज एक पट्टी सापडली, चक्क खोटी! त्यांनी तेव्हा पाण्याचा पेला उचलला होता आणि न पिताच खाली ठेवला होता.

तिने पिशवीतून चिमीची वही काढली. पान उघडलं. सरळ, चार बोटं लांब, टोकाला काटकोनात वळलेला.

नख काटकोनात ओरखडत नाही. दुपट्यात लपवलेल्या पट्टीचं उचललेलं पितळ ओरखडतं.

५

घरी आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सासरे पाळण्याची दोरी हातात धरून बसले होते. तिने आधी चिमीला उचललं, छातीशी धरलं, मग त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बाबा, पट्टी द्या.”

ते उठले, आपल्या कपाटातून कोट काढला, त्याच्या अस्तरातून पट्टी काढून टेबलावर ठेवली. नंबराची चिठ्ठी अजून तशीच बांधलेली होती.

“मोडून टाकणार होतो,” ते म्हणाले. “गुडघ्यावर धरलीही. हात चालेना. मिस्त्रीच्या हातची आहे ती.”

“पोरीला लागलं, बाबा.”

“माहीत आहे. रस्ताभर रडत होती. मी मधेच थांबून काढली नाही. कुणी बघेल म्हणून.” त्यांनी चिमीकडे बघायचं टाळलं. “माणूस असा असतो बघ. मीही.”

मग ते सांगत गेले. आवाज चढला नाही, उतरला नाही. भट्टीवरच्या कामाचा रोजचा तपशील सांगावा तसा.

पोलादाच्या भट्टीला त्या दिवशी आतून तडा गेला होता. दुरुस्तीला आठवडा लागणार. वाळूचा साचा तयार, तो तितका टिकला नसता. साहेबांचा फोन आला, उद्या गाडी भरली पाहिजे. “लोखंड ओत असं ते म्हणाले नाहीत. भट्टीला काय झालंय ते विचारलंही नाही. पण ओतलं मी. बीडही धरेल असं वाटलं. नुसतं वाटलं! चार दिवसांनी ते फुटलं. त्या पोराला मी उचलला. दुसऱ्या दिवशी चौकशीवाले येणार म्हणून कळलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर असताना लाल डबा घेतला. निळा दिसू नये एवढंच डोक्यात. वाळूही झटकली नाही.”

“आणि मिस्त्री?”

“वाटलं, बोलणी खातील. महिनाभर घरी बसवतील. काढूनच टाकतील असं वाटलं नव्हतं.” ते थांबले. “तुझा नवरा तेव्हा पाळण्यात होता. आठ महिन्यांचा.”

हे ऐकू नये असं तिला वाटलं, कारण हे तिला कळत होतं. इतकं कळत होतं, की तिचा हात चिमीच्या पाठीवर आपोआप घट्ट झाला. अशी वेळ आपल्यावर आली असती तर आपण लाल डबा उचलला नसता, असं छातीठोक सांगायची तिची तयारी नव्हती.

“मिस्त्रींची मुलगी नऊ वर्षांची होती, बाबा,” ती म्हणाली.



“आता काय करणार आहेस?”

“नोंद. ते माझं काम आहे.”

“तुझ्या नवऱ्याला...”

“तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.”

शुक्रवारी सकाळी ती निघाली, तेव्हा ते चपला घालून दारात उभे होते. कुठे जायचं हे दोघांनाही ठाऊक होतं. शिवणाच्या दुकानाशी उतरायला चार अरुंद पायऱ्या होत्या. तिच्या एका हातात चिमी, दुसऱ्यात गुंडाळलेली पट्टी. “दे,” म्हणून त्यांनी सवयीने दोन्ही हात पुढे केले. तिने पट्टी दिली. चिमीला दिलं नाही. त्यांनीही ते समजून घेतलं.

मिस्त्रींच्या मुलीने सगळं ऐकलं. हातातला दोरा सुईत ओवायचा राहून गेला होता.

“बसा म्हणणार नाही मी,” ती शेवटी म्हणाली.

“नको म्हणूस.”

“आणि मला सांगून काय उपयोग? मला अण्णांनी सांगितलंच होतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. ज्यांनी ठेवला नाही, त्यांना जाऊन सांगा.”

६

शनिवारी समितीच्या बैठकीत सासऱ्यांनी उभं राहून सांगितलं. तिने टेबलावर पट्टी ठेवली, साधी पट्टी तिच्याशेजारी ठेवली, कागदावरचा लाल पोपडा सगळ्यांपुढून फिरवला. नकाशाचं माप वाचलं, लाकडाचं वाचलं. पाच मिनिटं लागली. सत्तावीस वर्षांत कुणाला ही पाच मिनिटं मिळाली नव्हती.

मोठे साहेब खुर्चीत पुढे सरकले. “मी तुला लोखंड ओत म्हणून सांगितलं नव्हतं.”

“नाही साहेब,” सासरे म्हणाले. “तुम्ही काहीच विचारलं नव्हतंत.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि नव्या मजकुरावर सही केली. पितळी पाटी कोरायला आता वेळ नव्हता, म्हणून पांढऱ्या पुठ्ठ्यावर शाईने लिहायचं ठरलं. मिस्त्रींचं नाव, त्यांच्या कामाचं अचूक माप, लाल रंग नंतर चढवलेला, आणि चढवणाऱ्याचं नाव. ते आडनाव तिने लिहिलं. तेच चिमीचं होतं.

रविवारी दालन भरायच्या आधी मिस्त्रींची मुलगी आली. इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले. एक्केचाळीस नंबरसमोर उभी राहून तिने पाटी एकदा वाचली. मग पुन्हा वाचली. नाव आलं तिथे बोट टेकवलं. ती रडेल असं वाटून पाण्याचा पेला आणून ठेवलेला होता. पण बाई रडली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली.

“आणि तो?” तिने विचारलं.

“कोण, ताई?”

“जो मेला, तो. इथे नुसतं ‘एका फिटरचा मृत्यू’ लिहिलंय. आम्ही सगळे सत्तावीस वर्षं रंगावरून भांडतोय. त्याला नाव नव्हतं का?”

तिला खाली बघावंसं वाटलं. तीनशे बारा वस्तूंची नोंद तिने केली होती. या माणसाचं नाव तिने कुणाला विचारलंही नव्हतं. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

“पाहुणे फाटकाशी आलेत मॅडम. आता आयत्या वेळी नाव कुठून आणणार? कागद तर सगळे गेले.”

तिने पुठ्ठा खिळ्यावरून उतरवला, टेबलावर पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर शाईची लेखणी टेकवली. “कुणाला आठवतंय का?” तिने दालनाला विचारलं. जुने कामगार एकमेकांकडे बघू लागले. कुणी म्हणालं, हसरा होता. कुणी म्हणालं, नवीन लग्न झालं होतं. नाव कुणाच्या ओठावर येईना.

मागे, दाराशी, भिंतीला टेकून सासरे उभे होते. आत यायचं की नाही हे न कळल्यासारखे. त्यांनी तिथूनच सांगितलं. त्याचं नाव, त्याच्या बापाचं, आडनाव, गाव, वय चोवीस. बायकोचं नावसुद्धा. एकदाही न अडखळता, रोज म्हणत असल्यासारखं.

मिस्त्रींच्या मुलीने मागे वळून पाहिलं नाही. “हळू सांगा,” ती म्हणाली. “त्यांना लिहून घेऊ द्या.”

त्यांनी पुन्हा सांगितलं, हळू. तिने ते सगळ्यांत वर लिहिलं.